नेने काकांच्या मिठाच्या पुड्या

नेने काकांच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा मी बूट काढायच्या आधीच त्यांनी माझ्या हातात मिठाची पुडी ठेवली.

पुडी कागदाची होती. लहानपणी डॉक्टर औषधाची द्यायचे तशी, चारही बाजूंनी नीट घडी घातलेली. वर बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘२ ग्रॅ.’ मी पुडीकडे पाहिलं, मग प्रज्ञाकडे पाहिलं. प्रज्ञा म्हणजे माझी बायको. तिच्याही हातात एक पुडी होती.

“खिशात ठेव,” काका दबक्या आवाजात म्हणाले. “आमटी-भात कालवताना काकूंचं लक्ष नसलं की टाकायची. वाटीत घालून ढवळू नकोस, चमच्याचा आवाज होतो. आणि टेबलावर मीठ मागायचं नाही. कळलं?”

“काका, पण...”

“प्रश्न नंतर.”

मी मुकाट्याने पुडी खिशात टाकली. परक्या देशात, परक्याच्या घरी, पहिल्याच दिवशी वाद नको म्हणून. पहिला घास घेतला आणि पुडीचा अर्थ कळला. काकूंची आमटी दिसायला देखणी, वासाने भूक खवळणारी, आणि चवीला आळणी. अगदी बिनमिठाची म्हणता आली नसती, पण जीभ वाट बघत राहायची आणि मीठ काही यायचं नाही. समोर काका मात्र भुरके मारत होते. “छान झालीय,” ते दर दोन घासांनी म्हणत. मी मनात निदान करून टाकलं: बायकोचा स्वयंपाक आळणी, सांगायची छाती नाही, म्हणून बिचारा पाहुण्यांना दारात मीठ वाटतो. घरोघरी मातब्बर माणसं अशीच गरीब असतात, असं मी परतताना प्रज्ञाला ऐकवलंसुद्धा. प्रज्ञा म्हणाली, “तू स्वतःचं बघ.”

आमची आणि काकांची ओळख लंडनच्या पिनर स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर झाली होती. दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. माझं वर्क परमिट दोन वर्षांचं, ऑफिस वॉटफर्डला, आणि पिनरमध्ये एका केशकर्तनालयाच्या वर आमचा भाड्याचा फ्लॅट. परदेशात नवराबायकोला एक मोठं सुख असतं, चारचौघांत मोकळेपणाने भांडता येतं. त्या दिवशी आम्ही घरातलं मीठ संपल्याचं कोण विसरलं यावर खुशाल मोठ्या आवाजात भांडत होतो. बाकावर बसलेल्या टोपीवाल्या म्हाताऱ्याने पेपर खाली केला आणि स्वच्छ पुणेरी मराठीत विचारलं, “मीठ कुठलं वापरता?”

आम्ही दोघंही गार पडलो. चूक कुणाची हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना मिठाचं पडलं होतं.

काका पाणी तपासायच्या एका प्रयोगशाळेत तीस वर्षं केमिस्ट होते. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी डोकं प्रयोगशाळेतच होतं. जगातल्या सगळ्या गोष्टींचे त्यांनी दोन भाग केले होते: शास्त्रात बसणाऱ्या आणि शास्त्रात न बसणाऱ्या. शनिवारी तेल न आणणं शास्त्रात बसत नाही. इंग्रजांचं चहात दूध आधी की नंतर हे भांडण शास्त्रात बसत नाही. पिनरच्या ट्यूबचं वेळापत्रक तर अजिबातच बसत नाही. आणि ‘चिमूटभर’, ‘चवीपुरतं’, ‘अंदाजाने’ हे तीन शब्द ऐकले की त्यांच्या कपाळाची शीर उडायची. “चिमूट हे माप नव्हे,” ते म्हणायचे. “कुणाची चिमूट? पैलवानाची की बाळंतिणीची?”

मिठावर त्यांचं पहिलं पूर्ण व्याख्यान आमच्याच स्वयंपाकघरात झालं. प्रज्ञाला तेव्हा नोकरी नव्हती आणि वेळ जाता जात नव्हता, म्हणून ती इंटरनेटवरून पाककृती छापून आणायची. एकदा कुठल्याशा अमेरिकन बाईंच्या कृतीने तिने पाव केला. कृतीत लिहिलं होतं, कोशर सॉल्ट, दोन चमचे. घरात होतं साधं बारीक मीठ. मीठ ते मीठ, म्हणून तिने दोन चमचे घातलं. पाव फुगला सुरेख, पण तोंडात घालवेना. मी म्हटलं, पार्कमध्ये बदकांना घालू. नेमके तेव्हाच काका आले, त्यांनी पावाचा तुकडा जिभेला लावला आणि म्हणाले, “खबरदार. बदकांना ब्लडप्रेशर होईल.”

मग ते उठून घरी गेले आणि अर्ध्या तासाने पत्रं तोलायचा छोटा काटा आणि एक डबी घेऊन परत आले. डबीत पांढरं, पापुद्र्यापापुद्र्यांचं मीठ होतं. त्यांनी आमच्या मिठाचा एक चमचा सपाट भरून काट्यावर ओतला. सहा ग्रॅम. मग त्याच चमच्याने डबीतलं मीठ. तीन ग्रॅम.

“बघ,” ते प्रज्ञाला म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर मुंजीतल्या बटूचं तेज आलं होतं. “मीठ एकच. सोडियम क्लोराइड. हे कोशर असो, समुद्राचं असो, नाहीतर हिमालयातून खणून आणलेलं असो. तोलून घेतलंस तर खारटपणा सारखाच. तुझं बारीक मीठ वाळूसारखं चमच्यात गच्च बसतं. ह्याचे पापुद्रे आडवेतिडवे पडतात, मध्ये हवा राहते. म्हणून चमच्यात निम्मंच मावतं. त्या अमेरिकन बाईचे दोन चमचे म्हणजे तुझा एक. वजनात सारखं, चमच्यात नाही. लिहून ठेव.”

प्रज्ञाने खरोखरच लिहून फ्रिजला चिकटवलं.

“पण कोशर म्हणजे काय?” मी विचारलं.

“ज्यू लोकांच्या धर्मात मांसातलं रक्त चालत नाही. शिजवायच्या आधी मांसाला मीठ चोळून ठेवतात, ते रक्त ओढून घेतं. मग धुऊन टाकतात. बारीक मीठ विरघळून आतच मुरेल, म्हणून हे जाड. बोटांत धरायला बरं, भाजीवर भुरभुरायला बरं. शिवाय त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घालतात ती पूड बहुतेक नसते, त्यामुळे लिंबाच्या लोणच्याचा खार गढूळ होत नाही.” एवढं बोलून ते थांबले आणि दाराकडे बघत म्हणाले, “यातलं काकूंसमोर काही बोलू नका.”

सत्तर वर्षांचा शुद्ध शाकाहारी कोकणस्थ खिशात मांसाचं मीठ घेऊन हिंडतो, यात आपण काही बोलण्यासारखं होतंच काय?

सुधाकाकू म्हणजे त्या घरातलं दुसरं शास्त्र. बुटक्या, गोऱ्या, घरातही कार्डिगनवर पदर खोचलेल्या. त्यांचा स्वयंपाक घड्याळासारखा चालायचा. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय त्या कशाचीही चव बघायच्या नाहीत. उष्टं होतं म्हणून. त्यामुळे सगळी भिस्त मापावर. लग्नात आलेला जर्मन सिल्व्हरचा एक चमचा त्यांच्या मिठाच्या बरणीत कायम असे. आमटीला दोन, भाजीला एक, भाताला अर्धा. चाळीस वर्षांत त्या चमच्याने दगा दिला नव्हता, असं त्या सांगायच्या. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला शंभर-सव्वाशे माणसांची आमटी पंचवीस वर्षं त्यांनीच केली होती. मागल्या वर्षी आजारपणामुळे तेवढी हुकली.

“लग्न झालं तेव्हा हे ताटातलं मीठ दोन-दोनदा मागून घ्यायचे,” एकदा त्या आम्हाला म्हणाल्या. “सासूबाई म्हणायच्या, ह्याला लोणच्याच्या बरणीत घालून ठेवा. आणि आता बघा! ताटात मीठ वाढूच देत नाहीत. शास्त्रात बसत नाही म्हणे.”

काका खाली मान घालून आमटी-भात कालवत राहिले. आपल्याकडे पान वाढताना डाव्या हाताला वर पहिल्यांदा मीठ येतं. त्या घरात ते बंद झालं होतं. टेबलावर मिठाची बाटलीही नव्हती.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. एका दुपारी काका मला हाय स्ट्रीटवरच्या दुकानात चिप्स खायला घेऊन गेले. काउंटरवरच्या पोराने “सॉल्ट अँड व्हिनेगर?” विचारल्यावर म्हणाले, “व्हिनेगर ओन्ली.” माझ्या चिप्सवर मात्र स्वतः उभं राहून मीठ मारून घेतलं, वर त्या पोराला बाटलीच्या भोकांवरून चार शब्द सुनावले. मी माझ्यातली एक चिप पुढे केली तर म्हणाले, “नको, मला सवय नाही राहिली.” खिशात चोवीस तास मिठाची डबी बाळगणारा माणूस स्वतः एक कण घेत नाही, हे काही माझ्या निदानात बसेना.

उलगडा झाला तो बागेतल्या शेडमध्ये. शेडचं छप्पर गळत होतं म्हणून शिडी धरायला काकांनी मला बोलावलं. आत एका कोपऱ्यात प्लास्टिकखाली पुठ्ठ्याचे रिकामे खोके रचलेले होते, पंचवीस-तीस तरी असतील. सगळ्यांवर हिब्रू अक्षरं. मी त्यातला एक उचलला आणि काकांनी शिडीवरून खाली उतरून शेडचं दार लावून घेतलं.

“बस,” म्हणाले. मी गवत कापायच्या यंत्रावर बसलो, ते उलट्या बादलीवर.

दीड वर्षापूर्वी काकूंना स्वयंपाकघरातच चक्कर आली होती. ब्लडप्रेशर खूप वाढलेलं. चार दिवस हॉस्पिटलात राहून घरी आल्या, आणि डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर बजावलं की खाण्यातलं मीठ निम्मं करा. काकू म्हणाल्या, ताटातलं मीठ सोडते, पण आमटीतला चमचा कमी करणार नाही.

“तीन आठवडे समजावलं,” काका म्हणाले. “शेवटी रडायला लागली. म्हणाली, आळणीच रांधायचं तर मग मी या घरात करू काय? मुलगी तिकडे न्यूझीलंडला. देशातलं कुणी उरलं नाही. हा ओटा आणि देव, एवढंच माझं आहे, त्यात हात घालू नका. मग मी काय बोलणार?”

“मग?”

“चमचा तिचा. पण बरणी भरायचं खातं पहिल्यापासून माझं.” काकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. “दर रविवारी बसने एजवेअरला जातो. ज्यू वाण्याकडून हे आणतो. तिला सांगितलं, इकडे आता आपल्यासारखं खडेमीठ मिळतं. ती खूश. एकदम बदललं असतं तर कळलं असतं, म्हणून आधी साध्यात थोडं थोडं मिसळत गेलो. नऊ आठवड्यांत पूर्ण बरणी बदलली. ती अजून दोनच चमचे घालते. मीठ पडतं निम्मं.”

“आणि ब्लडप्रेशर?”

“उतरलं. डॉक्टर तिला म्हणाला, मिसेस नेने, तुमच्या निग्रहाचं कौतुक वाटतं. ती घरी येऊन म्हणते, मी काहीच केलं नाही हो, देवाची कृपा.” काका पहिल्यांदा हसले. “आमच्या जिभांना सवय झाली. पाहुण्यांच्या जिभेला कशी होणार? म्हणून पुड्या.”

मी माझं निदान मुकाट्याने मागे घेतलं. हा माणूस बायकोला घाबरून गप्प नव्हता. आपण माणसांबद्दल किती पटकन ठरवून टाकतो, याची मला त्या बादलीसमोर लाज वाटली.

पण पुड्या सगळ्यांपर्यंत पोचत नव्हत्या. काका बसमध्ये असताना कुणी हळदीकुंकवाला यायचं, कुणाच्या बाळंतिणीला काकू डबा पाठवायच्या. हळूहळू मंडळात कुजबुज सुरू झाली. रोहन म्हणून आमचा सेक्रेटरी होता. इथेच जन्मलेला, दातांचा डॉक्टर, मनाने अगदी सरळ. मीटिंगमध्ये तो म्हणाला, “काकू आता सेव्हंटी आहेत ना, त्यांना रेस्ट पाहिजे. गणपतीला आपण कॅटरर बुक करू या का?” त्याने चांगल्या मनानेच विचारलं, पण खोलीत सगळे एकदम गप्प झाले, आणि काकूंना जे कळायचं ते कळलं. त्या म्हणाल्या, “यंदा मला करू द्या. पुढच्या वर्षीचं जेवून बघून ठरवा.”

दोन दिवसांनी त्यांनी प्रज्ञाला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, “खरं सांग गं, माझ्या हाताची चव गेली का?” प्रज्ञाने नाही म्हणून सांगितलं, पण तिला खोटं बोलता येत नाही. फोन ठेवून ती रडवेली झाली होती.

मी हे काकांना सांगितलं. “औषध तिला दिलं आणि बाधलंही तिलाच,” एवढंच म्हणाले. मग त्यांच्यातला केमिस्ट जागा झाला. “हॉलमध्ये मीठ मंडळाचं असतं. साधं. मी स्वतः पाकीट आणून ठेवतो. चमचे तिचे तेच. म्हणजे आमटी पूर्वीसारखीच होणार. एका जेवणाने तिला काही होत नाही, आणि तिच्या वाटणीची मी आधी वेगळी काढीन. सगळं जुळतंय.”

सगळं जुळतही होतं. फक्त काकूंना त्या दिवशी भीती वाटत होती, हे गणितात धरलं नव्हतं.

गणपतीच्या दिवशी आम्ही शाळेच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडत होतो. काकू सकाळी आठपासून आतल्या स्वयंपाकघरात होत्या, प्रज्ञा हाताखाली. साडेअकराला मी आणि काका पाणी प्यायला आत गेलो. ओट्यावर काकांनी आणलेलं मिठाचं पाकीट तसंच होतं, न फोडलेलं. त्याच्या शेजारी काकूंची घरची बरणी.

“आज धोका नको म्हटलं,” काकू कपाळावरचा घाम पुसत म्हणाल्या. “माझं मीठ, माझा चमचा. पन्नास घातले, मोजून. बघू आता कोण नावं ठेवतं.” आणि हात धुऊन त्या नैवेद्याचं ताट मांडायला बाहेर गेल्या.

काकांचा चेहरा पडला. त्यांनी आमटीच्या पातेल्याकडे पाहिलं, बरणीकडे पाहिलं, मग ओठ हलवत हिशेब केला. “पन्नास गुणिले तीन. दीडशे ग्रॅम कमी.” त्यांनी खिसे चाचपले. काटा घरी होता. डबीत होतं तीसेक ग्रॅम, ते पुरणार नव्हतं.

बाहेर आरती सुरू झाली. टाळ वाजायला लागले. काकांनी एक स्टीलची वाटी घेतली, आमटीने भरली, झाकण ठेवून बाजूला सरकवली. मग पाकीट फोडलं आणि बरणीतला तो जर्मन सिल्व्हरचा चमचा हातात घेतला. आयुष्यभर चमच्याने मोजणाऱ्यांची टर उडवलेला माणूस पातेल्यावर वाकून पुटपुटायला लागला, “एक. दोन. तीन. निखिल, दारावर लक्ष ठेव. पंचवीस व्हायला हवेत.”

मी दारावर लक्ष ठेवलं. पण स्वयंपाकघराला दुसरंही दार होतं, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

“अहो.”

काका अठराव्या चमच्यावर थांबले.

“माझ्या आमटीत काय घालताय?” काकूंच्या हातात नैवेद्यासाठी आणलेली रिकामी वाटी होती.

“मीठ.”

“मी घातलंय.”

“निम्मं घातलंयस.”

“पन्नास चमचे घातलेत. ही प्रज्ञा समोर होती.”

“चमचे पन्नासच आहेत गं,” काका म्हणाले. “मीठ निम्मं आहे.”

आणि मग, बाहेर सुखकर्ता चालू असताना, हातातला चमचा खाली न ठेवता, त्यांनी सगळं सांगून टाकलं. डॉक्टर, बरणी, नऊ आठवडे, पुड्या. प्रज्ञा काकडी चोचवायची थांबली. काकू केळ्यांच्या खोक्यावर बसल्या.

“किती दिवस?”

“एक वर्ष, सात महिने.”

“म्हणजे लोक म्हणत होते ते खरं होतं.” काकू म्हणाल्या. “मी पाहुण्यांना आळणी घालत होते. मला वाटलं माझा हात गेला. देवापुढे बसून विचारत होते, काय चुकलं माझं. आणि तुम्ही समोर बसून छान झालीय, छान झालीय म्हणत होतात!”

“छानच व्हायची,” काका हळूच म्हणाले.

“पुडी घालून?”

मला राहवेना. “काकू, काका पुडी घेत नाहीत,” मी म्हटलं. “मी वर्षभर बघतोय. चिप्सवरसुद्धा मीठ घेत नाहीत.”

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. ताटातलं मीठ दोनदा मागून घेणाऱ्या माणसाकडे.

“का?”

“आता का काय?” काका एकदम चिडले. चिडल्याशिवाय त्यांना ते बोलता आलं नसतं. “तू आळणी जेवायचं आणि मी तुझ्यासमोर बसून मीठ घालून भुरके मारायचे? बरं दिसतं का ते?”

आरती संपत आली होती. काकूंची नजर ओट्यावरच्या झाकलेल्या वाटीवर गेली. “हे काय?”

“तुझी. मीठ घालायच्या आधी काढून ठेवलीय.”

काकू उठल्या. पदराने डोळे पुसले, पदर खोचला. “किती चमचे राहिले?”

“सात.”

“व्हा बाजूला.” त्यांनी पाकिटात हात घातला, एक मूठ मीठ घेतलं, पातेल्यावर फिरवत टाकलं, मग बोटांनी आणखी थोडं.

“अगं, निदान मोजून...”

“चमच्याने मोजून बघितलंत ना दीड वर्ष? आता गप्प बसा.”

नैवेद्य झाला. कागदी ताटांची पंगत बसली. पहिल्या वाढपात कुणी काही बोललं नाही, आणि आम्हा चौघांचे कान टवकारलेले. मग रोहन वाटी घेऊन स्वतःच स्वयंपाकघराच्या दारात आला. “काकू, हा आमटी... मी लहान होतो ना, तसाच लागतो. एकदम तसाच. अजून आहे?” त्याची ती दुसरी वाटी नव्हती, तिसरी होती. “आणि कॅटरर कॅन्सल, ओके?”

“ओके,” काकू म्हणाल्या, आणि त्याची वाटी काठोकाठ भरली.

मग त्या मिठाचं वाडगं घेऊन पंगतीत फिरल्या. प्रत्येकाच्या पानात डाव्या हाताला, वर. काकांपाशी येऊन थांबल्या, आणि त्यांच्याही पानात मीठ वाढलं. काकांनी त्या एवढ्याशा ढिगाकडे पाहिलं.

“किती आहे हे?” त्यांनी विचारलं.

“चिमूटभर.”

“चिमूट हे माप नव्हे.”

“माझं आहे,” काकू म्हणाल्या आणि पुढच्या पानाकडे वळल्या.

पुढे आमचं परमिट वाढलं, आम्ही पिनरमध्येच राहिलो, आणि नेन्यांकडे जेवायला जाणं चालू राहिलं. घरची बरणी तीच, मीठ तेच, चमचे दोनच. आता काकूंना माहीत असतं आणि त्या तरीही दोनच घालतात. दारात पुडी आता त्या देतात, वर ग्रॅम वगैरे काही लिहिलेलं नसतं. खोक्यांवरचं लेबल मात्र त्यांना अजून दाखवलेलं नाही. देवाच्या नैवेद्याला कुठलं मीठ जातं ते आपल्यातच राहू द्या.

टेबलावर काकूंच्या पानात मीठ नसतं. काकांच्या पानात असतं, डाव्या हाताला, चिमूटभर. मी बरेच दिवस बघत होतो. जेवण संपतं, ताक होतं, हात धुतले जातात, आणि ते मीठ जसंच्या तसं राहतं. काकू रोज वाढतात, काका रोज ठेवतात. एकदा काकू आत गेल्या तेव्हा मी न राहवून विचारलं, “काका, आता त्यांना सगळं माहीत आहे. त्यांनीच वाढलंय. खात का नाही?”

काकांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

“शास्त्रात बसत नाही रे,” ते हळू आवाजात म्हणाले, “पण तिने वाढलं ना, की आमटीला मीठ लागतं.”